लेक्सस एलएक्स 470: एएचसीची उंची वाढवल्यावर शॉक स्पेसर लावावेत का?

मस्कतमधल्या माझ्या एलएक्स 470 मध्ये एएचसी, म्हणजे तेलाच्या दाबावर गाडीची उंची बदलणारे सस्पेन्शन आहे. तिची 'एन' (नेहमीची) पातळी हाइट सेन्सर सरकवून 40 मिलिमीटरने वाढवली आहे, आणि आता शॉक स्पेसरचा, म्हणजे शॉकच्या टोकाशी बसवायच्या जाड तुकड्याचा, निर्णय घ्यायचा आहे. एएचसी असलेल्या 100 सिरीजच्या लँड क्रूझरवाल्यांनाही हे लागू पडेल, कारण एएचसीची मूळ रचना तीच आहे.

साध्या शॉकवर गाडीचे वजन नसते. एएचसीचा रॅम (शॉकच्या जागी असलेला तेलाचा सिलिंडर) मात्र वजनाचा काही भाग स्वतः पेलतो आणि उरलेला भार पुढे टॉर्शन बारवर (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यावर), मागे कॉइल स्प्रिंगवर असतो. गाडी वर उचलली की बार आणि स्प्रिंग सैलावतात, त्यांचा वाटा रॅमवर येतो आणि तेलाचा दाब वाढतो. पुढचा दाब 6.9 मेगापास्कलच्या आसपास असणे अपेक्षित असताना टेकस्ट्रीम या टोयोटाच्या तपासणी सॉफ्टवेअरवर तो 7.8 दिसत होता. टॉर्शन बार घट्ट करून आणि मागच्या स्प्रिंगवर पॅकिंग देऊन दोन्हीकडचे दाब जागेवर आणले. ग्लोबही (वायू भरलेले, धक्के झेलणारे गोळे) आधीच तपासले होते: गाडी 'एच' (उंच) वरून 'एल' (खालच्या) पातळीवर आणताना टाकीतील तेल किती खुणा चढते ते पाहावे, नव्या ग्लोबला 14 च्या जवळपास खुणा मिळतात, आणि आकडा निम्म्यावर आला असेल तर ग्लोब संपत आलेले असतात, तेव्हा स्पेसरचा विचारच करू नये.

शॉक स्पेसरने दाबात काहीही फरक पडत नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राइड कडक झाली म्हणून स्पेसर मागवणाऱ्यांनी आधी दाब मोजावा, असा माझा आग्रह आहे. स्पेसरचे काम एकच: लिफ्टमुळे बाहेर आलेला रॅमचा रॉड पुन्हा त्याच्या हालचालीच्या मध्याजवळ आणणे, म्हणजे चाक खाली लोंबताना रॅम आधीच पूर्ण बाहेर येऊन संपणार नाही.

पुढच्या बाजूला रॅम खालच्या आर्मवर चाकापासून आत बसतो. जॅकवर मोजले तेव्हा चाक 50 मिलिमीटर हलल्यावर रॅम सुमारे 30 च हलला. म्हणजे 40 च्या लिफ्टला 24 चा स्पेसर पुरतो आणि 40 चा लावल्यास रॅम 16 मिलिमीटर जास्त आत जातो. शिवाय माझ्या गाडीत चाक लोंबताना रॅम संपण्यापूर्वीच वरचा आर्म रबरी थांब्याला टेकतो, त्यामुळे पुढे स्पेसर लावून काही मिळणार नाही. जास्त लोंबणे सीव्ही जॉइंटच्या (चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या, वळणाऱ्या सांध्याच्या) कोनालाही मानवणारे नाही.

मागे अखंड अॅक्सल असून तिथे खरोखर रॅमच आधी संपतो, आणि 'एच' पातळीवर तर वाळूतल्या खड्ड्यात चाक लोंबायला फारच थोडी जागा उरते. म्हणून मागे 25 मिलिमीटरचे स्पेसर बसवणार आहे, पण बंप स्टॉपही (अॅक्सल पूर्ण वर दबल्यावर त्याला अडवणारे रबरी थांबे) तेवढेच खाली आणून. नाहीतर पूर्ण दबल्यावर धक्का स्टॉपऐवजी रॅमच्या आतच बसेल. रॅमला वरून येणारी तेलाची नळी आणि अॅक्सलकडची ब्रेकची नळी पूर्ण लोंबलेल्या स्थितीत ताणली जात नाहीत ना, हे पाहूनच बोल्ट शेवटचे आवळेन.