मिरची कांडप मशीनचे ८५ हजार परत मिळवले, माझा अनुभव

मी आणि मिस्टर, दोघांनी घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिरची कांडप चालू करायचं ठरवलं होतं, त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सप्लायरला जानेवारीत १ लाख ६० हजारांच्या मशीनची ऑर्डर दिली आणि ८५ हजार ॲडव्हान्स ऑनलाइन पाठवला. तो म्हणला फाउंडेशन करून ठेवा, २० दिवसात माल येतोय. आम्ही सिमेंटचं फाउंडेशन केलं, त्याने दिलेल्या मापाने चार बोल्ट पण बसवले. मशीन काही आलंच नाही. 'ताई गाडी भरतोय', 'ताई उद्या नक्की' असे व्हॉइस मेसेज येत राहिले आणि मार्च ते मे अख्खा सीझन गेला. बायका मिरचीचे डबे घेऊन यायच्या आणि तशाच परत जायच्या, लय वाईट वाटायचं.

रजिस्टर एडीने नोटीस पाठवली तर लिफाफाच परत आला, वर 'घेण्यास नकार' असा शेरा. मला रडूच आलं. वकील म्हणले उघडू नका, तसाच जपून ठेवा, पत्ता बरोबर असताना नकार दिला म्हणजे नोटीस पोचली असंच धरतात.

२०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार दाखल करायची मुदत २ वर्षं. हे सगळं सोपं गेलं. खरं भांडण पुढे झालं, त्याच्या वकिलाने मुद्दा काढला की मशीन धंद्यासाठी घेतलं, म्हणजे ह्या ग्राहकच नाहीत. धंद्यासाठी घेणाऱ्याला कायद्याने वगळलंय हे खरंय, पण स्वतः राबून पोट भरायला, स्वयंरोजगारासाठी घेतलं असेल तर तो ग्राहकच. आमच्या तक्रारीत ते आधीच लिहिलेलं होतं, की मशीन आम्ही दोघंच चालवणार, कामगार नाही, घर ह्यावरच चालणार. त्या एका ओळीवर आमची केस टिकली. छोट्या धंद्याचं मशीन अडकलं असेल तर तक्रार दाखल करायच्या आधी ही ओळ आहे का बघा, कळकळीने सांगते.

निकालाला पावणेदोन वर्षं लागली. ८५ हजार ९ टक्के व्याजाने द्या असा आदेश झाला, तरी त्याने दिले नाहीत, मग आदेश पाळला नाही म्हणून त्याच कायद्याच्या कलम ७२ चा अर्ज टाकला, त्यात १ महिना ते ३ वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. समन्स गेलं आणि पंधरा दिवसात डीडी आला.

नवीन मशीन आम्ही स्वतः जाऊन, चालू करून बघून, टेम्पोत घालूनच आणलं. जुने बोल्ट त्याला बसेनात, मिस्टरांनी ते ग्राइंडरने कापले.