ओबामाला मत देणारे ट्रम्पकडे कसे गेले? तुम्ही विचारलंत म्हणून

दोनदा ओबामाला निवडून दिलेल्या लोकांनी ट्रम्पला मत कसं दिलं? मी ठाण्यात राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे २०१६ पासून हा प्रश्न मला येतोय. २०२४ नंतर तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुठेही येतो. विचारणाऱ्याकडे उत्तर बहुतेक वेळा तयार असतं. महागाई. नाहीतर वर्णद्वेष. नाहीतर बाईला मत द्यायचं नव्हतं. मी नुसती मान डोलवावी अशी अपेक्षा असते. मी डोलवत नाही, म्हणून मला एकदा तोंडावर ऐकवलं गेलं, "मॅडम, तुम्ही सरळ उत्तर कधी देतच नाही." तर आज एकदाचं देते. सरळ होईल याची खात्री मात्र देत नाही.

माझा पहिला आक्षेप असा की, ती तीच माणसं होती हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य घ्या. २०१२ मध्ये तिथे ओबामांविरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे रॉम्नी हरले तेव्हा त्यांना १४,०७,९६६ मतं होती. २०१६ मध्ये ट्रम्प जिंकले ते १४,०५,२८४ मतांवर. हरलेल्या माणसापेक्षा जिंकलेल्याची मतं कमी! घसरण झाली ती पलीकडच्या, म्हणजे डेमोक्रॅटिक बाजूला: ओबामांची १६ लाख २० हजार मतं हिलरी क्लिंटनकडे येईपर्यंत १३ लाख ८२ हजारांवर आली. ट्रम्प यांचं मताधिक्य होतं २२,७४८. एकट्या मिलवॉकी शहरात मतदान सुमारे ४१ हजारांनी घटलं. मतदानाला फोटो ओळखपत्र लागणारी ती तिथली पहिली अध्यक्षीय निवडणूक. तिसऱ्या पक्षांच्या उमेदवारांनी लाखाच्या वर मतं घेतली. आणि उमेदवारी मिळाल्यानंतर क्लिंटन त्या राज्यात प्रचाराला एकदाही गेल्या नाहीत.

म्हणून सगळे घरी बसले, कोणी बाजू बदललीच नाही, असंही नाही. राज्याच्या पश्चिमेकडच्या छोट्या गावांत लोक खरोखर ओबामांकडून ट्रम्पकडे गेले. मिलवॉकीच्या सधन उपनगरांत मात्र ट्रम्पना रॉम्नींपेक्षा कमी मतं पडली. एकीकडे आलं, दुसरीकडे गेलं, बेरीज जवळपास तेवढीच राहिली. आपल्याला टीव्हीवर काय दिसलं? निळं (डेमोक्रॅटिक) राज्य लाल (रिपब्लिकन) झालं.

हे इथेही होतं. ठाणे लोकसभा आधी शिवसेनेकडे होती, २००९ मध्ये राष्ट्रवादीचे संजीव नाईक जिंकले, २०१४ मध्ये शिवसेनेचे राजन विचारे. ठाणेकरांचं मन दोनदा बदललं? २००९ च्या आधी मतदारसंघाची फेररचना झाली होती, म्हणजे २००४ शी तुलनाच होत नाही. शिवाय मनसेच्या उमेदवाराने लाखाहून जास्त मतं घेतली होती आणि नाईकांचं मताधिक्य त्याहून बरंच कमी होतं. घोडबंदर रोडला मतदार यादीत दर पाच वर्षांनी किती नवी नावं येतात, ते तुम्हीच बघता. अमेरिकेतल्या काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, बरं आहे, तिच्या सीमा सहसा हलत नाहीत. तिच्या आतली माणसं हलतातच.

१९५० मध्ये रॉबिन्सन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने हे आकड्यांनी दाखवून दिलं. अमेरिकेच्या ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, त्या राज्यांत साक्षरता जास्त. पण माणसागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षर जास्त. ते लोक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. प्रदेशाच्या आकड्यावरून माणसाचा स्वभाव काढता येत नाही. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

पण मी चिडते ती रॉबिन्सनमुळे नाही.

आमचे अण्णा वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टर्नर होते. आम्ही किसननगरात राहायचो. अण्णा लाल बावट्याचे, संपात पुढे असणारे. मतदानाच्या दिवशी पहाटे उठून दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि केंद्र उघडायच्या आत रांगेत उभे असायचे. मग कंपनीला टाळं लागलं. थकलेली देणी कोर्टात गेली आणि तिथेच राहिली. त्यानंतरच्या निवडणुकीला अण्णा सकाळी उठलेच नाहीत. आई म्हणाली, "अहो, रांग वाढेल." ते म्हणाले, "वाढू दे." दुपारी जेवले, परत झोपले.

आमच्या भागातून युनियनच्या माणसाला दरवेळी बरी मतं पडायची. त्या वेळी त्याचं डिपॉझिट गेलं. आठवड्याभरात अण्णांचा युनियनमधला मित्र घरी आला. दोघांनी संपात एकत्र लाठ्या खाल्ल्या होत्या. मी त्याला काका म्हणायचे. आईने चहा ठेवला. कप हातात घेऊन तो म्हणाला, "तुम्ही किसननगरवाल्यांनी पलटी मारली. किती किती मिळाले रे?"

मी तेव्हा कॉलेजात होते. अण्णा आता बोलतील म्हणून मी वाट बघत होते. एवढंच सांगायचं होतं की मी गेलोच नव्हतो, पैसे घ्यायचा प्रश्नच कुठे येतो. ते काही बोलले नाहीत. त्याचा चहा संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. तो गेला तो पुन्हा आला नाही. अण्णा गेले तेव्हाही आला नाही.

रात्री मी न राहवून विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही, अण्णा?"

"काय सांगू?"

"की तुम्ही कोणालाच दिलं नाही."

"मागायला कोण आलं होतं? देण्यांचं काय झालं हे विचारायलाही कोणी फिरकलं नाही." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझं मत त्याला मिळालं नाही, एवढं तर खरंच आहे ना."

म्हणून तुम्ही चहा पिताना एखाद्या जिल्ह्याबद्दल "पलटले" म्हणालात, की मला आमचं ते घर आठवतं. हे शास्त्र नाही, राग आहे, असं कोणी म्हणेल. रागही आहे. पण वर दिलेले विस्कॉन्सिनचे आकडे माझ्या रागातून आलेले नाहीत.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली मी वर्गात ठासून सांगायचे की माणसं बदलत नाहीत, याद्या बदलतात. त्या मुलीला मी आज आयोवातली हॉवर्ड काउंटी दाखवते. जेमतेम साडेनऊ हजार वस्ती. २०१२ मध्ये ओबामा तिथे २० हून जास्त टक्क्यांच्या फरकाने पुढे, २०१६ मध्ये ट्रम्प साधारण तेवढ्याच फरकाने पुढे. चार वर्षांत तिथे टॉवर उभे राहिले नाहीत. माणसं तीच, आणि मन बदललं. यावर तिच्याकडे उत्तर नाही.

मग ती मला टेक्ससच्या सीमेवरची स्टार काउंटी दाखवते. जवळपास सगळी वस्ती हिस्पॅनिक. २०१६ आणि २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची मतं तिथे नऊ हजारांच्या आसपासच राहिली. ट्रम्पची सव्वादोन हजारांवरून आठ हजारांवर गेली. म्हणजे कोणी पक्ष सोडून पळालेलं दिसत नाही, पूर्वी घरी बसणारे बाहेर पडले असावेत. इथे मला तिचं ऐकावं लागतं. पण २०२४ मध्ये तीच काउंटी शंभराहून अधिक वर्षांनी रिपब्लिकन पक्षाने जिंकली आणि या वेळी डेमोक्रॅटिक मतंही हजारांनी घटली. ती घरी बसली की पलीकडे गेली? मतमोजणीच्या तक्त्यात हे लिहिलेलं नसतं. गुप्त मतदान आहे, आणि ते तसंच असायला हवं. सर्वेक्षणवाले लोकांना विचारतात खरं, पण चार वर्षांपूर्वी कोणाला दिलं हे माणसं सोयीने आठवतात.

तेव्हा महागाई की वर्णद्वेष, हे एका शब्दात मागू नका. विस्कॉन्सिनचं मागा, हॉवर्डचं मागा, स्टारचं मागा. प्रत्येकाचं वेगळं सांगेन.

माझी मुलगी हा अण्णांचा किस्सा ऐकून म्हणाली, "आई, मग ते काका बरोबरच होते की. आजोबा पलटलेच ना? घरी बसणं म्हणजेही बाजू सोडणं. आजोबा स्वतःच तसं म्हणाले."

मी तिच्याशी तासभर भांडले. जो घरी बसतो त्याला परत आणता येतं, जो पलीकडे गेला त्याला आणणं अवघड, म्हणून दोघांना एका रकान्यात घालू नये, असं माझं म्हणणं. ती म्हणाली, "आजोबांना परत आणायला कोणी आलं होतं का?"

तिचं म्हणणं मी अजून मान्य केलेलं नाही.