उतार लागला की

यवतेश्वरच्या घाटात उतरताना आमच्या आण्णांची स्कूटर कधीच चालू नसायची. कासहून परत येताना घाटाचं तोंड लागलं, की ते इंजिन बंद करायचे, डाव्या मुठीनं न्यूट्रल पाडायचे आणि चेतक वाऱ्यावर सोडून द्यायचे. मी पुढं उभा, हँडल धरून. खाली सगळा सातारा, समोर अजिंक्यतारा, कानात वारा आणि मागच्या सीटवरून आईचं "अहो, हळू!" बोगद्यापाशी आलो की आण्णा तृप्त चेहऱ्यानं म्हणायचे, "पाव लिटर वाचलं."

चाळीसच्या अ‍ॅव्हरेजनं पाव लिटर म्हणजे दहा किलोमीटर, आणि घाट काही दहा किलोमीटरचा नाही, हे गणित मला पाचवीत जमलं. पण ते घरात बोलून दाखवायची छाती नव्हती.

१९९० साली सद्दामनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं, पेट्रोल भडकलं आणि त्या युद्धाची झळ आमच्याकडे एका डायरीच्या रूपानं पोचली. खतवाल्या दुकानदारानं फुकट दिलेली, तळहाताएवढी. ती स्कूटरच्या डिकीत, फडक्यात गुंडाळलेल्या प्लगपान्याशेजारी असायची. टाकी फुल्ल केली की तारीख, किलोमीटर, लिटर, वर टू-टी ऑइल किती. शेजारी अ‍ॅव्हरेज, आणि ते कमी पडलं तर कारण. "३८. हवा कमी." "३६. वाई, लग्न, तिघे व भांडी." एका पानावर नुसतंच "३४. धाकट्यानं नेली होती." धाकटा म्हणजे आमचा काका. त्यानंतर त्याला स्कूटर मिळाल्याची नोंद नाही.

मी मात्र पंपावर जाऊन "हजारचं टाक" म्हणणाऱ्यांतला. अशा माणसाला आपली गाडी किती देते हे कधीच कळत नाही, आणि त्यात एक सुख असतं. वारज्याला घर, शिरवळला कारखाना, रोजची ऐंशी-नव्वद किलोमीटरची फेरी. २०२१ च्या उन्हाळ्यात पेट्रोलनं शंभरी गाठली, हजारात दहा लिटरही येईनात, तेव्हा ते सुख संपलं. पहिल्यांदा टाकी फुल्ल केली, आकडा मांडला. १४.२. आण्णांनी शेजारी काय लिहिलं असतं ते मला स्वच्छ दिसलं.

सोपी कामं आधी उरकली. डिकीतून मुलाची क्रिकेटची बॅग, पाण्याचे दोन कॅन आणि घर बांधताना उरलेल्या फरश्या निघाल्या. त्या फरश्या मी चार वर्षं शिरवळला नेऊन परत आणत होतो. चाकांत हवा ३३ पाहिजे, ती २४ निघाली. हवा भरणारा पोरगा माझ्याकडे, दूध न प्यायलेल्या लेकराच्या बापाकडे बघावं तसं बघत होता.

मग वारसा कामाला आला. संध्याकाळी कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतारच उतार. मी गाडी न्यूट्रलला टाकायला लागलो. आण्णांची आठवण, फुकटचा वेग आणि वाचणारं पेट्रोल, असा तिहेरी आनंद. ही अक्कल मला एकट्यालाच सुचली होती असं नव्हे. डिझेल वाचवायला कितीतरी ट्रकवाले तिथं हेच करत आलेत आणि नवले पूल पेपरात कशासाठी येतो ते पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याच उतारावर एका अवजड गाडीनं कितीतरी गाड्या चेपल्या. दुसऱ्या दिवशी तिथून जाताना मी गिअर टाकून गेलो, पण चुकल्यासारखं वाटत होतं, जणू पैसे सांडत चाललोय.

ते आमच्या मेकॅनिकला बोललो. तो गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, "साहेब, उलटं करताय तुम्ही. इंजेक्शनची गाडी आहे. गिअरात असताना पाय काढला ना, की कॉम्प्युटर पेट्रोलच तोडतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला इंजिनाला जिवंत राहायला प्यावंच लागतं थोडं थोडं."

"मग आमचे वडील?"

"ती कार्बोरेटरची. तिला पाय काढलेला काय कळतोय." तो बाहेर आला. "त्यात टू-स्ट्रोक. ऑइल पेट्रोलातूनच जायचं. मूठ सोडून गिअरात लांब उतार उतरला तर इंजिन कोरडं पडायचं. ब्रेकांचं सोडा, पण पेट्रोलपुरते वडील बरोबर होते."

म्हणजे तीस वर्षं जपलेली अक्कल बरोबर होती, फक्त मशीन बदललं होतं. हे पचायला मला थोडा वेळ लागला.

पण खरी अडचण उताराची नव्हती, उजव्या पायाची होती. त्याला दोनच गोष्टी येत, दाबणं आणि ब्रेक. लांबवर लाल दिवा दिसत असला तरी हा शेवटपर्यंत रेस देणार आणि मग गचकन थांबणार. म्हणजे पेट्रोल जाळून कमावलेला वेग ब्रेकच्या लायनरवर घासून टाकायचा. त्याला मी सांगायला लागलो, तिकडं टोलनाक्याची रांग दिसतीये ना, मग आत्ताच सोड. पहिले काही दिवस पाय उचलला की तळव्याला मुंग्या आल्यासारखं व्हायचं. मागचे हॉर्न वाजवायचे, ओव्हरटेक करताना एकानं काच खाली करून मला नीट बघून घेतलं. म्हातारा असेल अशी त्याची अपेक्षा दिसली. मोकळ्या रस्त्यावर शंभरचा ऐंशीवर आलो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, हे शाळेत कोणीतरी शिकवलं होतं, पण तेव्हा पेट्रोल आण्णा भरायचे.

तीन महिन्यांनी टाकी ते टाकी १८.१ आलं. बायको म्हणाली, "आणि पोचायला किती जास्त लागतात?" सात-आठ मिनिटं. "त्यात तू घरी काय करायचास?" याचं उत्तर डायरीत नाही.

गेल्या सप्टेंबरात आण्णांना कासला फुलं दाखवायला नेलं. ऐंशी उलटलेत, पण पुढच्या सीटवरच बसायचं असतं. परतताना घाटाचं तोंड आलं. मी दुसरा टाकला, पाय काढला. गाडी गुरगुरत उतरायला लागली. आण्णा अस्वस्थ.

"बंद कर की. उतार लागला."

मी मेकॅनिकचं सगळं पुराण त्यांना ऐकवलं. ते कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकत होते. "पेट्रोल जात नाही, मग ओरडतंय कशाला?"

"चाकं फिरवतायत त्याला, आण्णा."

मग दोन-तीन वळणं काहीच बोलले नाहीत. बोगद्यापाशी आलो तेव्हा विचारलं, "मग? किती वाचलं?"

"पाव लिटर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "काहीतरीच. पाव लिटर म्हणजे दहा किलोमीटर झाले. घाट आहे का दहा किलोमीटर?"

ते अजून स्कूटरच्याच अ‍ॅव्हरेजनं हिशोब करत होते.