चुलत्याचे शेअर, पुतण्याचा कारखाना

कोल्हापुरात मी कंपनी सेक्रेटरी म्हणून प्रॅक्टिस करते. म्हणजे नेमकं काय करते, हे सासूबाईंना अजून उमगलेलं नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या फौंड्री आणि मशीनशॉपवाल्यांच्या कागदांत माझा दिवस जातो. यातल्या बऱ्याच कंपन्या पाटीवर प्रायव्हेट लिमिटेड असतात, आतून मात्र घरच.

परवा असेच एक आण्णा पुतण्याला घेऊन आले. "ताई, कारखाना ह्याच्या नावावर करायचाय. डायरेक्टर केलाय न्हवं ह्याला मागंच, मग राहिलंय काय?"

राहिलंय सगळंच. डायरेक्टर कारभार बघतो. मालकी त्याची, ज्याचं नाव सभासदांच्या, म्हणजे शेअरधारकांच्या, रजिस्टरात आहे. सरकारी पोर्टलवर कंपनीचं नाव टाकलं की डायरेक्टरांची नावं दिसतात आणि लोक तीच मालकांची यादी समजतात. शेअर एकाकडून दुसऱ्याकडे गेले, तर प्रायव्हेट कंपनीला त्यासाठी आरओसीकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी निबंधकाकडे, लगेच वेगळा फॉर्मही भरावा लागत नाही. ते वार्षिक विवरणात दिसतं. म्हणून कपाटातलं ते रजिस्टर महत्त्वाचं. बऱ्याच ठिकाणी मला ते कोरं सापडतं, हा भाग वेगळा.

या पोराचे वडील वारले, तेव्हा त्यांचे शेअर वारसाने त्याच्याकडे आले. वारसाने येताना हस्तांतराचा फॉर्म लागत नाही, स्टॅम्पही नाही. उरलेले आण्णांचे. तेही सगळे दिले, तर कंपनीत सभासद उरतो एकच, आणि प्रायव्हेट कंपनीला किमान दोन लागतात. हे माहीत असूनही सहा महिन्यांपुढे तसाच धंदा रेटला, तर त्यानंतर होणाऱ्या कर्जाला तो एकटा स्वतःच्या खिशातून जबाबदार. मग लिमिटेड कशाला म्हणायचं? दहा शेअर पोराच्या आईला द्या म्हटलं.

"घरातल्या घरात टॅक्स कसला?" आण्णांचा पुढचा प्रश्न. इथे आयकर कायदा फार मजेशीर आहे. चुलत्याने पुतण्याला शेअर बक्षीस दिले, तर पुतण्याला कर नाही, कारण वडिलांचा भाऊ नातलगांच्या यादीत बसतो. तेच पुतण्याने चुलत्याला दिले, तर भावाचा मुलगा त्या यादीतच नाही. शेअरचं मूल्य पन्नास हजारांवर गेलं की ते चुलत्याचं उत्पन्न धरतात. चुलतभाऊ तर दोन्ही बाजूंनी परका! आमच्याकडे चुलतभाऊ म्हणजे भाऊच, लग्नपत्रिकेत सख्ख्याच्या शेजारी नाव. हा कायदा करणाऱ्यांनी एकत्र कुटुंबात कधी जेवण केलं होतं की नाही, देव जाणे.

विकायचेच म्हटले, तर स्टॅम्प ड्युटीची भीती नको. 1 जुलै 2020 पासून ती किमतीच्या 0.015 टक्के आहे, म्हणजे दहा लाखांना दीडशे रुपये. मात्र आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची अंतर्गत नियमावली, आधी वाचायचे. प्रायव्हेट कंपनीत शेअर हस्तांतरावर बंधनं असतातच. बहुतेकदा आधी चालू सभासदांना विचारावं लागतं.

खरी गोम बँकेत असते. कॅश क्रेडिटला, म्हणजे धंद्याच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाला, आण्णांची वैयक्तिक हमी आहे. शेअर दिले, डायरेक्टरपद सोडलं, तरी ती आपोआप सुटत नाही. बँकेने लेखी मोकळं केल्याशिवाय पुतण्याच्या थकबाकीपायी उद्या आण्णांच्या घरावर नोटीस येऊ शकते. हे ऐकल्यावर पुतण्याच आधी म्हणाला, "काका, पयला बँकेत जाऊन येऊ."

आण्णांना दसऱ्याचा मुहूर्त धरून आजच सही करून ठेवायची होती. पण एसएच-4 वर, म्हणजे शेअर हस्तांतराच्या फॉर्मवर, सही झाली की त्या तारखेपासून 60 दिवसांत तो कंपनीकडे पोचायला लागतो, आणि बँका हमी सोडल्याच्या पत्राला किती वेळ लावतात हे मी बघितलंय. म्हटलं, फॉर्म कोरा न्या. पत्र हातात आलं की फोन करा, मग सही.