पाकळ्यांचा ल

सोसायटीच्या मराठी भाषा दिनाचं पोस्टर माझ्या गळ्यात पडलं, कारण माझ्याकडे लॅपटॉप आहे आणि दुपारी मी घरी सापडतो. काम दहा मिनिटांचं. पण मथळ्यात 'मराठीचा लळा' टाइप केलं आणि पडद्यावर उमटला उभ्या दंडाचा ल. डोकंच फिरलं. दिवस मराठीचा आणि ल हिंदीतला! आपल्या ल ला पाकळ्या असतात. शासनानेही २००९ साली तसा निर्णय काढला. फॉन्टपर्यंत तो पोचला नसावा.

मग आजोबांची निर्णयसागर छापखान्याची पोथी काढली. पानाच्या मागून बोट फिरवलं की अक्षरं अजून हाताला लागतात. आणि तो ल! जेवून तृप्त झाल्यासारखा बसलेला. ठरवलं, पोस्टर याच वळणात करायचं. जावजी दादाजींचं नाव निदान पंचांगामुळे ऐकलेलं असतं. पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, घासणाऱ्या या माणसाने १८६९ साली स्वतःचा छापखाना काढला, तोच निर्णयसागर. पण अक्षरं कोरली राणोजी रावजी आरू यांनी. पोलादाच्या टोकावर, उलटी, एकेक. आरू हे नाव आमच्या मजल्यावर कुणालाच माहीत नाही.

माझ्या मुंजीच्या पत्रिका ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छापखान्यात छापल्या होत्या. ट्रेडल छपाईयंत्राचा खडखडाट, शाईचा आणि रॉकेलचा वास. खिळे जुळवणारे कंपोझिटरकाका बाबांशी मांडवाच्या भाड्याबद्दल बोलत होते आणि हात आपले आपण लाकडी केसमधल्या घरांतून खिळे उचलत होते, जशी आजी न बघता मोहरी काढायची. मध्येच त्यांनी माझं नाव जुळवून समोर धरलं. मला काही केल्या वाचता येईना. "उलटं कुठाय? सरळच तर आहे," म्हणाले. त्यांना खरंच सरळ दिसत असणार.

तर पोथीतला ल स्कॅन करून, कडा घासून घासून पोस्टरवर बसवला. तीन दुपारी गेल्या. खाली बारीक अक्षरांत 'अक्षरवळण : राणोजी रावजी आरू' असंही घातलं.

सेक्रेटरींनी मोबाइलवर पाहिलं. "हे आरू कुठल्या विंगचे?"

सांगितलं. त्यांनी मान डोलावली, मग म्हणाले, "छान आहे हो, पण अल्पोपहाराची वेळ दिसत नाही. ती मोठी करा, लोक तेच बघतात."

केली. आता पोस्टरवर सगळ्यात मोठा शब्द 'अल्पोपहार' आहे. त्यात ल आहे म्हणा. अर्धा.