झाडावरचा ऑक्टोपस आणि मी: माझा अनुभव

वर्गात डिजिटल नागरिकत्व आणि माध्यमसाक्षरता शिकवायचं ठरलं त्या दिवसापासून पहिली तासिका होईपर्यंत सात आठवडे गेले. साहित्य शोधायला त्यातली एक दुपार पुरली. उरलेला सगळा वेळ एका फॉर्मने खाल्ला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

साहित्याचं आधी उरकते. कॉमन सेन्स एज्युकेशनचे पाठ मोफत आहेत, बालवाडीपासून बारावीपर्यंत इयत्तावार लावलेले. डिजिटल पाऊलखुणा, खासगीपणा, सायबर छळ, बातमीची पारख असं सगळं त्यात आहे. लहानांसाठी गूगलचा इंटरलँड हा खेळ, मोठ्यांसाठी चेकॉलॉजी ही बातमी पारखायला शिकवणारी साइट. माझा जीव मात्र अडकला तो पॅसिफिक नॉर्थवेस्ट ट्री ऑक्टोपसच्या साइटवर. झाडावर राहणारा, नामशेष होत चाललेला ऑक्टोपस! १९९८ पासून ही साइट त्याची माहिती तोंडावरची माशी न हलवता देते आहे. सगळी थाप. त्याचा शत्रू म्हणून चक्क सॅस्क्वॉचचं, म्हणजे दंतकथेतल्या केसाळ वनमानवाचं नाव दिलंय.

बेत साधा होता. मुलांना काही न सांगता साइट उघडायला द्यायची, नंतर ‘आडवं वाचन’ शिकवायचं. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासकार, विद्यार्थी आणि तथ्य तपासणारे व्यावसायिक यांना साइट पारखायला दिल्या होत्या. पहिले दोघे बहुतेक त्याच पानावर घुटमळत राहिले. तपासणारे झटकन पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले, हे लोक कोण आहेत ते इतरांकडून काढायला. मला तेच शिकवायचं होतं: पान सोडून बाहेर पडा.

आणि बाहेर पडायलाच बंदी. माझ्या खात्यावर सगळं उघडत होतं, म्हणून मी निर्धास्त. लॅबमध्ये मुलांच्या खात्यावर साइट अडवणारा फिल्टर, मान्य यादीबाहेरचं काहीच उघडेना. लाल पट्टी, ‘प्रवेश निषिद्ध’. (पहिली सूचना इथेच घ्या: विद्यार्थ्याच्या खात्यावरून तपासा, स्वतःच्या नाही.)

यादीत साइट घालायची तर एका साइटला एक फॉर्म. हेतू दीडशे अक्षरांत. खाली सक्तीची चौकट: ‘या संकेतस्थळावरील माहिती अचूक असल्याची मी खात्री केली आहे.’ खोट्या ऑक्टोपसच्या साइटसाठी! मी चौकट रिकामी ठेवली. आठवड्याने उत्तर आलं: अर्ज अपूर्ण. दुसऱ्यांदा खूण केली, पण हेतूत खरं लिहिलं की माहिती बनावट आहे आणि ती ओळखायला शिकवायचं आहे. उत्तर: अविश्वसनीय माहिती, नामंजूर. बरोबरच आहे म्हणा. तिसऱ्यांदा दात-ओठ खात खूण केली आणि हेतूत ‘जीवशास्त्र’ लिहिलं. दोन दिवसांत मंजूर. सत्य शिकवण्यासाठी मी थाप मारली, आणि तीच तेवढी पटापट चालली.

खरी गंमत पुढेच. ऑक्टोपसची साइट यादीत आली, पण तो खोटा आहे हे सांगणारी एकही साइट यादीत नव्हती. म्हणजे निदान मुलांच्या खात्यावर तरी तो ऑक्टोपस बिनतोड खरा! खोडून काढणाऱ्या पाच साइटचे पाच फॉर्म भरले. एक मंजूर झाला, पण त्या साइटवरचा व्हिडिओ तिसऱ्याच पत्त्यावरून यायचा, तो बंद. पुन्हा फॉर्म. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा फोन पुढे करून म्हणाला, ‘बाई, व्हीपीएन लावा की.’ बंदीला चोरून वळसा घालायला सांगतोय, तेही डिजिटल नागरिकत्वाच्या बाईंना! खोटं का बोलू, क्षणभर मोह झाला.

शेवटी मेल सोडून फोन केला. चार जणांकडून फिरत फिरत प्रत्यक्ष फिल्टर सांभाळणाऱ्यापर्यंत पोचले. त्याने ऑक्टोपसचं ऐकून खो खो हसून घेतलं आणि म्हणाला, ‘मॅडम, तासिकेपुरतं सैल करता येतं ना, आधी का नाही सांगितलंत?’ फॉर्मवर याचा उल्लेख कुठेच नाही. तेव्हा तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा: ठरावीक वेळेपुरती सवलत मिळते का? आणि साइट मागताना तिचे व्हिडिओ, स्लाइड कुठून येतात ते सगळे पत्ते एकदम द्या.

तासिका झकास झाली. अठ्ठावीसपैकी एकवीस जण ऑक्टोपसला वाचवायला तयार होते, दोघींनी तर घोषवाक्यंही रचली. टॅब उघडल्यावर जो गलका झाला, त्याने माझे सात आठवडे वसूल झाले.

हो, एक राहिलंच. मुलांना खाती उघडायला लावणारं साहित्य नंतरसाठी ठेवा. तेरा वर्षांखालच्यांची माहिती गोळा करायला अमेरिकेच्या कोपा कायद्याने पालकांची संमती लागते, म्हणजे आणखी कागद. इंटरलँडला लॉगिन लागत नाही, तिथून सुरुवात करा.

ऑक्टोपस अजून यादीत आहे, जीवशास्त्राखाली. तो काढायचा असेल तर वेगळा फॉर्म आहे म्हणे.