जोन्सबरो: नॅन्सीचं घर कुठलं?

शार्लटहून अ‍ॅशव्हिलमार्गे डोंगर ओलांडून आम्ही टेनेसीत उतरलो, तो ऑक्टोबरचा पहिला शनिवार होता. जोन्सबरोत १९७३ पासून कथाकथनाचा महोत्सव भरतो, नेमका त्याच दिवसांत. आधी बघायला हवं होतं. इवल्याशा गावात जिकडेतिकडे तंबू आणि माणसंच माणसं. गाडी लावायला पाऊण तास गेला. आईचे गुडघे दुखत होते, त्यामुळे माझी चिडचिड वाढत होती. गावात खोली न मिळाल्याने मुक्काम जॉन्सन सिटीत केला. रविवार नुसता परतीत गेला.

पण शनिवारची दुपार डोक्यातून जात नाही.

जोन्सबरो टेनेसीतलं सगळ्यात जुनं गाव. ते वसलं १७७९ मध्ये, तेव्हा टेनेसी राज्यच नव्हतं, हा मुलूख नॉर्थ कॅरोलायनाचा होता. ज्याला प्लॉट मिळाला त्याने निदान २० फूट लांब आणि १६ फूट रुंद घर बांधलंच पाहिजे, धुरांडं विटांचं किंवा दगडाचं पाहिजे, असा तेव्हा नियमच होता. मला तो फार आवडला. रानात येऊन पडलेल्या माणसांनी आधी ठरवलं की इथे राहायचं ते नीट राहायचं. १७९७ मध्ये डॉक्टर विल्यम चेस्टर यांनी बांधलेली चेस्टर इन ही खानावळ-धर्मशाळा मुख्य रस्त्यावर आजही उभी आहे. तिच्या लांबलचक ओसरीसमोर आई सावलीला टेकली, तेव्हा कुठे मला हायसं वाटलं.

मग ख्रिस्तोफर टेलरचं घर पाहिलं. तासलेले ओंडके कोपऱ्यात एकमेकांत अडकवलेले, मधल्या फटी लिंपलेल्या, दोन मजले. मूळचं ते गावापासून मैलभर लांब होतं, तिथून उचलून मुख्य रस्त्यावर आणून पुन्हा उभं केलंय. १७८८ मध्ये एकवीस वर्षांचा एक नवखा वकील इथे भाडेकरू होता. पुढे अमेरिकेचा सातवा अध्यक्ष झालेला अँड्र्यू जॅक्सन.

मी हे सगळं आईला मराठीत सांगत होते. ओघात तेही सांगितलं, जे मी निघण्याआधी वाचलं होतं. त्याच १७८८ सालचं एक खरेदीखत या काउंटीच्या दप्तरात नोंदलेलं आहे. जॅक्सनने एक गुलाम बाई विकत घेतली. नाव नॅन्सी. वय, 'अठरा किंवा वीस'.

आई ओंडक्यावरून हात फिरवत होती. ती थांबली. "म्हणजे त्याच्याच वयाची की गं," म्हणाली. आणि मग, "तिचं घर कुठलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तिचं वयसुद्धा कुणाला धड माहीत नव्हतं. ज्याने काही महिने भाड्याने काढले, त्याच्या नावावर अख्खं घर उचलून आणलं जातं. तिच्या वाट्याला खतातली एक ओळ.

याच रस्त्यावर १८२० मध्ये एलिहू एंब्री 'द इमॅन्सिपेटर' छापत होता. केवळ गुलामगिरी संपवण्यासाठी काढलेलं देशातलं पहिलं नियतकालिक अशी त्याची ओळख आहे, वर्षाची वर्गणी एक डॉलर. एंब्री क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या घरातला, लोखंडाचा कारखानदार. स्वतः आधी गुलाम बाळगलेला माणूस, म्हणून मला तो जास्त खरा वाटतो. एप्रिल ते ऑक्टोबर, जेमतेम सात महिने मासिक चाललं. डिसेंबरात तो गेला, अवघ्या ३८ व्या वर्षी. मला वाटतं, या गावात येणाऱ्याने जॅक्सनच्या आधी त्याला शोधावं.

तंबूतून टाळ्यांचा आवाज येत होता. आत गोष्ट रंगली असणार. मी आईला विचारलं, ऐकायला बसायचं का? ती म्हणाली, "थांब जरा," आणि त्या घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. आत कुणी दिसतंय का, असं फटीतून बराच वेळ बघत राहिली.